भुसावळच्या कबरीचा चुना

चुका शोधण्यात सुवर्णा गायकवाडचा हात धरणारं कोणी नव्हतं. अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्ट करायची, आणि दोन आकडे जुळले नाहीत की तिला जेवण गोड लागायचं नाही. असल्या बाईने पणजोबांच्या शोधाला लागायलाच नको होतं. २००६ साली ती लागली आणि पस्तावली.

पणजोबा म्हणजे डेव्हिड गिलेस्पी, स्कॉटलंडहून आलेले रेल्वेचे फिटर. भुसावळला त्यांनी पद्मिनी नावाच्या मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं, दोन मुलं झाली आणि १८९४ साली ते कॉलऱ्याने गेले. कबरीच्या दगडावर तसं कोरलेलंच होतं. घरात एखादं पोर जरा गोरं निपजलं की "डेव्हिडवर गेलं" म्हणून केवढं कौतुक! सुवर्णाकडे राहणारी पंचाऐंशी वर्षांची सुमित्रामावशी तर दर नाताळाआधी भुसावळला फोन करून कबरीला चुना लावायला सांगायची. डेव्हिड तिचे सख्खे आजोबा.

इंटरनेटवरच्या नोंदींत मात्र डेव्हिड गिलेस्पी १९११ साली स्कॉटलंडमध्येच, डंडी शहरात, अंथरुणात वारला होता. असेल कोणी त्याच नावाचा, म्हणून सुवर्णाने आधी सोडून दिलं. पण आईबापांची नावं तीच, धंदा तोच. शिवाय बायको आणि तीन मुलं, त्यातली थोरली भुसावळच्या लग्नाआधीची.

"मॉम, दोन मरणं आहेत ना, जस्ट पिक वन," तिचा मुलगा ईशान म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला.

मावशी रोज विचारायची, "सापडलं का गं काही?" या वयात तिचे आजोबा तिच्यापासून हिरावून घ्यायचे, हे सुवर्णाच्या जिवावर यायचं. पण खोटंही बोलवेना. शेवटी एका शनिवारी मेथी निवडता निवडता तिने सगळं सांगून टाकलं.

मावशीचे हात थांबले नाहीत. "पळून गेला तो. आईने सांगितलं होतं मला. टाकलेल्या बाईला मिशनच्या शाळेत शिवणाचं काम कोण देणार? म्हणून आजी विधवा झाली. आणि मुलांना फुलं ठेवायला बाप हवा, म्हणून कबर बांधली."

"रिकामी?" सुवर्णाने हातातली मेथी खाली ठेवली. "मग तू इतकी वर्षं चुना कुणाला लावतेस?"

"आता कुठली रिकामी? आजी गेल्यावर आईने तिला तिथेच ठेवलं. दगड बदलला असता तर लोकांनी विचारलं असतं. चुना तिच्यासाठी असतो बाई."

चुका शोधणारी ती, आणि पणजी कुठे आहे हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिने तिथूनच भुसावळला मामेभावाला फोन लावला. "विष्णूदादा, यंदा चुन्याआधी पाथरवट बघ. दगडावर पद्मिनीबाईंचं नाव घालायचंय. आणि डेव्हिडचं काढून टाक."

मावशीने हात पुढे करून फोन घेतला. "त्याचं राहू दे रे," ती म्हणाली. "शिवणाच्या पैशातून कोरून घेतलंय तिने ते."