वाट अडवणारा दगड

कुमुद मूळची मालवणची. नवरा शामकांत जहाजावर इंजिनिअर, म्हणजे निम्मा संसार फोनवरच! सिंगापूरला फ्लॅट मिळाला बुकित पंजांगला, पण बाईचा जीव रमला तो जवळच्या एका छोट्या जपानी बागेत. तिथे पांढऱ्या खडीवर दाताळ्याने लाटा ओढलेल्या असत. थेंबभर पाणी नसलेला समुद्र. "हा बरा, कुणाला गिळत तरी नाही," असं ती म्हणायची.

२००४ साली शामकांतचं जहाज अचानक गप्प झालं. फोन नाही, निरोप नाही. कंपनीवाले नुसतं "वी आर चेकिंग, मॅडम" म्हणत. कुमुदच्या घशाखाली घास उतरेना. सकाळी ती बागेत गेली, तर चहाघराच्या पायवाटेवर एक गोल दगड, काळ्या दोरीने आडवाउभा बांधलेला. गावी वेशीवर राखणदार देवाचा दगड असतो, अगदी तसाच! तिने जास्वंद वाहिली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या माणसाला घरी आण."

दुसऱ्या दिवशी दगड तळ्याच्या वाटेवर होता. मग फाटकाजवळ. देव आपल्यासाठी फिरतोय म्हणून बाई खूश.

शेवटी बागेचे म्हातारे माळी, मिस्टर तान, यांनी तिला आपल्या सिंगापुरी लकबीत हटकलं. "मॅडम, हा देव नाही, लाह! वाट बंद असली की आम्ही ठेवतो. दिसला की मागे फिरायचं." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण मी तर चहाघरापाशी ठेवला होता. इथे कुणी आणला?"

ज्याचं कामच माणसं परतवणं, त्यालाच कुमुद विनवत बसली होती! काय म्हणावं या कर्माला! तान नको नको म्हणत असताना तिने दोरीची गाठ सोडली आणि दगड बाजूला लोटला.

"आता कुणालाच अडवू नकोस," ती म्हणाली.

त्याच दुपारी कंपनीचा फोन आला. इंजिन रूमला आग लागली होती, पण जहाज सिंगापूरच्या बंदरात पोचलंय, शामकांत सुखरूप आहे. त्याचा कामावरचा जोडीदार विश्वास मात्र गेला. त्याला समुद्रातच निरोप द्यावा लागला. कुमुद रडली, विश्वाससाठी थोडी आणि सुटल्यासारखी पुष्कळ.

संध्याकाळी शामकांत घरी आला. त्याला घट्ट धरून झाल्यावर ती दार लावायला वळली.

"लावू नकोस," तो म्हणाला. "विश्वास मागून येतोय. बंदरापासून माझ्याबरोबरच आहे. चहा टाक त्याला पण."

"अहो, विश्वासभावजी तर..." तिने बाहेर डोकावून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. पण वाट तिनेच मोकळी करून घेतली होती. आता एकाला ये आणि दुसऱ्याला जा, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तिने दार उघडंच ठेवलं आणि चहाचं आधण वाढवलं.

बाहेर कुणीतरी बूट काढले.