अक्काच्या दातासाठी कॅमेरा

माझ्याकडे एक थोराड डीएसएलआर आहे. त्याची बॅग पाठीला लावून निघालो की हा माणूस फोटो काढायला चाललाय की कुणाचं गीझर दुरुस्त करायला, हे आमच्या इमारतीच्या वॉचमनला अजून कळलेलं नाही. बॅगेत तीन लेन्स असतात. त्यातल्या सगळ्यात लांब लेन्सने मी आजवर फक्त समोरच्या टाकीवरची घार टिपली, तीही पाठमोरी.

एवढं सामान असताना मला आणखी एक, छोटा कॅमेरा हवासा झाला, त्याला कारण अक्काचा दात.

अक्का ही माझी थोरली बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. ती राजाजीनगरातल्या आमच्या जुन्या घरी राहते, मी दुसरीकडे फ्लॅटमध्ये. आमच्या घराण्याला बेंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या की मराठीत कन्नड कधी मुरलं ते कुणाला आठवत नाही. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. माझी पन्नाशी उलटली तरी तम्माच.

तिचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर तिरपा चढला होता. ती हसायची तेव्हा आधी तो दात बाहेर यायचा आणि मागून हसू. सगळी गल्ली ते ओळखायची, पण आमच्या एकाही अल्बममध्ये ते नाही. लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला तिला स्टुडिओत नेलं, तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "तोंड मिटा अम्मा, दात दिसतोय." तिने मिटलं. ते कॅमेऱ्यासमोर त्यानंतर मिटलेलंच राहिलं. स्वतःच्या लग्नात, मुलांच्या बारशात, माझ्या लग्नात, सगळीकडे ती तक्रार नोंदवायला आल्यासारखी बसलेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं, वरचे सगळेच दात काढावे लागतील. संक्रांतीनंतरचा सोमवार ठरला. म्हणजे हातात सहा आठवडे. त्याआधी मला दातासकट तिचं हसू हवं होतं.

मोठा कॅमेरा कामाचा नव्हता, बॅगेची चेन वाजली की तिचे ओठ बंद. फोन उचलला तरी तेच. शिवाय आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये फोनने फोटो काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बिस्किटं खाणं. मला हवा होता मांडीवर ठेवून, वर उघडणाऱ्या पडद्यात बघत, आवाज न करता फोटो घेणारा आणि खिशात मावणारा कॅमेरा. अक्कल असलेला माणूस पहिल्याच शनिवारी दुकानात गेला असता. मी एक्सेलमध्ये तक्ता केला.

दर रविवारी लालबागेत आमचा ग्रुप जमतो. अंगावर अकरा खिशांची जाकिटं चढवलेले पंधरा बाप्ये एका खारीला घेरतात. ती बिचारी शेंगदाणा टाकून पळते, मग आम्ही शेंगदाण्याचे फोटो काढतो. ग्रुपमधल्या ज्येष्ठांना सगळे सर म्हणतात. त्यांनी कधी कुणाला काही शिकवल्याचं मला माहीत नाही. मी त्यांना सल्ला विचारला.

"सेन्सर केवढा? झूम की फिक्स्ड?" सरांनी डोळे मिटले. "आणि व्ह्यूफाइंडर नसेल तर तो कॅमेरा नव्हे, साबणाची वडी."

बाकीचं डोक्यावरून गेलं, वडी मात्र मी मनावर घेतली. पसंतीतल्या कॅमेऱ्याच्या मापाला जुळणारी अंघोळीच्या साबणाची वडी शोधली आणि मावते का, टोचते का ते बघायला तीन दिवस पँटच्या खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने खिसा चाचपला.

"इदु एनु, सार?" हे काय, असं त्याने विचारलं.

"कॅमेरा," मी सवयीने बोलून गेलो.

त्याने वडी बाहेर काढली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं. "सरी सार," म्हणजे ठीक आहे सर, असं म्हणून ती अशा हळुवारपणे परत दिली, जसं आपण आजारी माणसाला पाणी देतो.

उरलेले दिवस मी रिव्ह्यू बघण्यात घालवले. कुणीतरी तरुण परदेशातल्या बोळात विटांच्या भिंतीचा फोटो काढतो आणि तो मोठा करून कोपरे तपासतो. मी जन्मात भिंतीच्या कोपऱ्याचा फोटो काढलेला नाही. पण 'कोपरे मऊ येतात' या एका दोषापायी मी दोन उत्तम कॅमेरे बाद केले आणि त्या रात्री समाधानाने झोपलो.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा घाबरून बेंगळुरातल्याच शिवाजीनगरला गेलो. तिथे जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं एक चिंचोळं दुकान आहे. मालक म्हातारे, दुकानाहून चिंचोळे. मी तक्ता उलगडला. त्यांनी तो घडी करून मलाच परत दिला.

"फोटो कुणाचा काढायचाय?"

पाच आठवड्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा.

"बहिणीचा."

"लांब राहते?"

"समोरच बसते."

"मग झूम कशाला?" त्यांनी एक छोटा काळा कॅमेरा माझ्या तळहातावर ठेवला. "हा स्वल्प धरून बघा. पडदा वर उघडतो, आवाज बंद होतो. खिशात टाका आणि जा."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मोठ्या कॅमेऱ्याची सवय लागलेल्या हाताला तो निसटेल असं वाटलं, म्हणून अंगठ्याला टेकू घेतला. टेकू उघडा दिसतो म्हणून चामड्याचा कोट. मग लेन्सवर टोपडं, गळ्यात पट्टा. रविवारी सकाळी निघताना पाहिलं, तर कॅमेरा खिशात मावेना. गळ्यात अडकवूनच राजाजीनगर गाठलं.

अक्का जमिनीवर बसून भिजवलेले अवरेकाळू सोलत होती. हे आपल्या वालासारखे दाणे. चिमटीत दाबले की सालातून सटकतात. थंडीत तिचं हेच चालतं. तिने मान वर केली.

"अय्यो, मोठ्याला पिल्लू झालं का रे तम्मा?"

आणि ओठ मिटले. मी मांडीवर कॅमेरा ठेवून तासभर गप्पा मारल्या, तिच्या सुनेची नक्कल केली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचीही. ती नुसती "हं" म्हणत राहिली. मीच शेवटी कंटाळून पट्टा गळ्यातून काढला.

"आण इकडे," तिने पदराला हात पुसले. "एवढं काय आहे त्यात, बघू दे. आणि तू दाणे सोल, बसलायस नुसता."

कुठे दाबायचं ते दाखवून मी पातेलं पुढ्यात ओढलं. पहिला दाणा दाबला, तो माझ्या शर्टाच्या गळ्यातून आत गेला. दुसरा चष्म्यावर. तिसरा सरळ नाकात.

"एवढा शिकला आणि अवरे सोलता येईनात!" अक्का म्हणाली आणि हसली. आधी दात, मागून हसू. पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत बुळबुळीत. खिशात फोन होता, तो आठवलासुद्धा नाही. मी आ वासून बघत राहिलो आणि तिने हसता हसताच बटण दाबलं.

सोमवारी दात गेले. उन्हाळ्यात कवळी आली, वॉशबेसिनसारखी पांढरी, ओळीत उभी. आता अक्का कुणाच्याही कॅमेऱ्यासमोर स्वतःहून हसते. "दाखवू का?" म्हणून विचारते. मोठ्या कॅमेऱ्याने मी त्या कवळीचे चाळीस फोटो काढलेत. कोपरे अगदी धारदार आलेत.

त्या रविवारचा फोटो एकच. त्यात मी आहे, चष्मा वाकडा, ओठावर साल, सगळंच तिरपं आणि हललेलं. एकदा लालबागेत हिय्या करून तो सरांना दाखवला. त्यांनी आधी कोपरा मोठा केला.

"हललाय. एवढा चांगला स्टॅबिलायझर असताना हात हललाच कसा? डिलीट करा."

"काढणारी हसत होती, सर."

"मग तिला सांगा, फोटोच्या वेळी हसायचं नाही."

"ते तिला एकदा सांगून झालंय," मी म्हटलं आणि कॅमेरा खिशात टाकला. चामड्याचा कोट काढला की मावतो तो.