शेवटच्या रांगेतलं व्हायोलिन

माझ्या धाकट्या जावेनं मोठ्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवलं, पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी भांडणंही केली. खांदा कुरकुरू लागला, तशी ती शाळेत मुलांचा वाद्यवृंद शिकवू लागली. सरावात ती मुलांबरोबर वाजवायची. पहिल्या कार्यक्रमात मात्र ताल द्यायला नुसती छडी घेऊन समोर उभी राहिली. मुलांनी धून पुरी वाजवावी, एवढीच तिची आस. पण बाईंचं व्हायोलिन ऐकू येईना, तशी मुलं गांगरून थांबली. तिनं छडी ठेवली, व्हायोलिन उचललं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मग मुलं जी सुटली, ती थेट शेवटापर्यंत!

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, जन्मभर पुढच्या खुर्चीसाठी भांडलीस, आणि आज मागे?"

"आई, बंद पडलेली गाडी मागूनच ढकलतात ना!"