परत आलेल्या माणसाचा सिनेमा

सोवनीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभा होतो. फोन काकूंचाच होता. "सुधाकर, काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "ते शेवटपर्यंत तेच होते रे. मी कोण, ते तेवढं ठरायचं राहिलं..." दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मला मात्र त्या वाक्यामागचं सगळं माहीत होतं. त्यामागे एक सिनेमा होता, आणि स्टीलचं एक ताट होतं. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून लिहायला बसलोय.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. नव्वदीच्या दशकात नोएडात कॉम्प्युटरच्या कंपन्या निघू लागल्या, तेव्हा मला तिथे नोकरी लागली. निघताना वडील म्हणाले होते, "दिल्लीत कुणी फुकट हसलं तरी खिसा चाचपून बघ." मला ते सांगायची गरज नव्हती. संशय घ्यायला मी शाळेतच शिकलो होतो. नोएडात खोली शोधताना एका मराठी माणसाची खोली माझं आडनाव ऐकल्याबरोबर 'कालच गेलेली' निघाली, आणि दुसऱ्याच्या घरी अचानक पाहुणे यायचे ठरले. सोवनीकाकांचं घर तिसरं. केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढण्यात नोकरी संपवून त्यांनी नोएडात प्लॉटवर घर बांधलं होतं. वर एक खोली रिकामी होती. गेटच्या आतूनच त्यांनी मला विचारलं, "सिनेमा बघतोस का?" मी हो म्हणालो आणि नाव सांगितलं, आडनावासकट. ते म्हणाले, "किल्ली काकूंकडे आहे, घे." यांना नीट ऐकू आलं नसणार, नंतर कटकट नको, म्हणून मी आडनाव पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं. "ऐकलं की," काका म्हणाले, "मी म्हातारा झालोय, बहिरा नाही."

तरीही माझा विश्वास बसला नाही. पहिल्याच रविवारी काकूंनी जेवायला खाली बोलावलं. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी माझ्यासाठी वेगळं ताट असायचं, मोरीशेजारच्या कोनाड्यात, खुणेसाठी खाली रंगाचा ठिपका लावलेलं. ते मला फार उशिरा कळलं होतं. त्यामुळे काकूंची आमटी, भात, गूळ घातलेली भेंडीची भाजी सगळं चवीने जेवलो आणि ताट मोरीत ठेवताना ते हळूच उलटं करून पाहिलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं: सौ. मालती. मागे काका उभे. "काय शोधतोयस? किंमत?" त्यांनी विचारलं. आतून काकू म्हणाल्या, "माझं ताट आहे ते. माहेरून आलेलं. बाकीची पाच करोलबागेतून तशीच बघून घेतली, नाव न घालता." काका लगेच म्हणाले, "म्हणजे हे मूळ. बाकीचे रीमेक." मी काय शोधत होतो ते काकूंना कळलं असावं. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि आपल्या दोघांच्या ताटांवर ठेवून घासायला बसल्या. माझ्या या शहरातल्या मुक्कामाची सुरुवात मी तिथून धरतो.

संशयाच्या बाबतीत काका मात्र माझेही गुरू निघाले. त्यांचा संशय माणसांवर नसायचा, नव्या वस्तूंवर असायचा. ती वर्षंच तशी होती. रोज काहीतरी नवीन येत होतं. केबलवाला मुलगा सांगायचा, "अंकल, चालीस चैनल आएँगे." काका विचारायचे, "और टिकेंगे कितने?" बिल्डरचा माणूस गुळगुळीत कागदावर छापलेलं इमारतीचं रंगीत चित्र घेऊन आला की ते चष्मा पुसून बसायचे. "हे झाड बघ. सावली डावीकडे. ही इमारत बघ. सावली उजवीकडे. या कॉलनीत सूर्य दोन आहेत. इथे घर घेऊ नकोस." जन्मभर नकाशे काढलेला माणूस तो. काकू म्हणायच्या, "यांना देवाने दर्शन दिलं तरी आधी ओळखपत्र मागतील."

आणि या सगळ्या संशयाच्या मुळाशी होता तो सिनेमा. तरुणपणी, दिल्लीत एकटे राहत असताना, काकांनी एका वकिलातीच्या हॉलमध्ये तो पाहिला होता. काळापांढरा, परदेशी, खाली इंग्रजी अक्षरं. नाव त्यांना कधी धड सांगता आलं नाही. ते 'परत आलेल्याचा सिनेमा' म्हणायचे. अंतराळात गेलेला एक माणूस मेला असं सगळ्यांनी धरलेलं. बऱ्याच वर्षांनी तो परत येतो, आणि वय मात्र तेवढंच. बायको म्हातारी व्हायला लागलेली. तिला संशय येतो की हा आपला नवरा नव्हेच, त्याच्यासारखं काहीतरी पाठवलंय. ती त्याला जुन्या गोष्टी विचारते. तो एकूण एक बरोबर सांगतो. "आणि तिथेच ती घाबरते," काका आवाज खाली आणून सांगायचे. "कारण खरा नवरा अर्ध्या गोष्टी विसरला असता." आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली असेल. काकू तेव्हा आत पोळ्या करत असायच्या.

मग एक दिवस पेपरात आलं की त्याच सिनेमाचा नवा, रंगीत अवतार साकेतच्या मल्टिप्लेक्समध्ये लागलाय. आम्ही तिघं गेलो. दारात बॅग तपासली गेली, खुर्चीच्या हाताला ग्लास ठेवायचं भोक होतं, थंडी एवढी की काकू शाल गुंडाळून पहिल्या अर्ध्या तासातच झोपल्या. मला सिनेमा फार आवडला. त्यातही बायको संशय घेते, पण प्रश्नोत्तरं लवकर आटपतात. शास्त्रज्ञ त्या माणसाला काचेच्या खोलीत बसवतात, यंत्र लावतात, आणि शेवटी हिरवा दिवा लागतो. तोच आहे. ती धावत जाते, संगीत वाजतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका खुर्चीत घट्ट बसून राहिले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "मूळ सिनेमात दिवा कधी लागतो?"

"लागतच नाही."

"मग कळतं कसं?"

"कळत नाही. ती विचारायचं थांबते. फळीवरून दुसरं ताट काढते, टेबलावर ठेवते, समोर बसते. तो चमचा उचलतो. संपला सिनेमा."

"म्हणजे अर्धवटच की, काका. प्रश्न विचारला की उत्तर यायला नको?"

"तू सिनेमा बघतोस की पेपर तपासतोस?" काका म्हणाले. मग त्यांनाच ते लागलं असावं. थोड्या वेळाने म्हणाले, "यान मात्र नव्यात चांगलं आहे हं. आमच्यात कुकर दोरीला टांगल्यासारखं दिसायचं." मला तेव्हा त्यांचं पटलं नाही. खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावरही संशय होता. मूळ सिनेमा मी पाहिलेला नव्हता, आणि इतक्या वर्षांत सांगून सांगून काकांनी त्याचा शेवट स्वतःच रचला नसेल कशावरून? आमचा हा वाद पुढची कित्येक वर्षं चालला. मी रीमेकच्या बाजूने, ते मूळच्या. उत्तरं बरोबर दिली म्हणून मी गाव सोडून इथवर आलो होतो. बरोबर उत्तराने काही सुटत नाही, हे मी कसं मानणार?

पुढे माझं लग्न झालं, गाझियाबादच्या एका नव्या कॉलनीत मी फ्लॅट घेतला, सावल्या तपासून. पण रविवार नोएडाचाच राहिला. एका रविवारी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे घर आपलं नाही. हुबेहूब केलंय, पण आपलं नाही." मला ते फारसं विचित्र वाटलं नाही. समोरचं शेत जाऊन मॉल आला होता, वरून मेट्रो जात होती. मलाही कधी कधी गल्ली ओळखू यायची नाही. पण पुढच्या महिन्यात ते काकूंकडे बोट करून म्हणाले, "या बाई कोण? आमच्या हिच्यासारख्या दिसतात. ही कुठे गेलीय?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नावाने काकूंचं काही भागलं नाही. त्यांना एकच हवं होतं, नवऱ्याने आपल्याला ओळखावं. त्या त्यांच्यासमोर बसून सगळं सांगायच्या... लग्न कुठे झालं, पाऊस कसा आला, पहिल्या भाड्याच्या खोलीचा मालक कोण, सासूबाई कशावरून रुसल्या. एकूण एक बरोबर. काका शांतपणे ऐकायचे आणि मग माझ्याकडे झुकून म्हणायचे, "बघितलंस? पाठ करून पाठवलंय. आमच्या हिला इतकं कधी आठवायचं नाही." हे वाक्य मी पाहुण्यांबरोबर बसून कितीदा ऐकलं होतं.

स्वयंपाकघरात काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. "सुधाकर, त्यांच्या त्या सिनेमातली बाई शेवटी काय करते रे? जन्मभर ऐकतेय, पण शेवटाच्या वेळी मी नेहमी पोळ्या करत असायचे. आणि त्या थिएटरात तर झोपूनच गेले."

मी सांगितलं. मूळचा शेवट सांगितला, रीमेकचा नाही. हिरवा दिवा मला सांगवेना.

त्या दिवसापासून काकूंनी पुरावे देणं बंद केलं. काकांना त्या 'अहो' म्हणत, तेवढंच ठेवलं. बाकी परक्या बाईसारख्या सभ्यपणे वावरू लागल्या. पुढच्या एका रविवारी दुपारी त्यांनी काकांचं आणि माझं पान वाढलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. काका भाजीचा घास घेऊन थांबले. "भाजीत गूळ आहे," ते संशयाने म्हणाले. "आमच्याकडे घालतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकू म्हणाल्या, "कुणी नाही. अंदाजाने घातला."

काका त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले. फळीवरून एक ताट काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं, आणि काकूंच्या जागेवर मांडलं. "बसा. तुम्हीही जेवून घ्या," ते म्हणाले. "अंदाज चांगला आहे तुमचा." काकू बसल्या. काकांनी त्यांना स्वतःच्या हाताने भात वाढला, थोडा सांडला. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत.

परवा मी काकूंकडे गेलो. घरात आता त्या एकट्याच. दोन ताटं मांडून त्या म्हणाल्या, "हे माझं. त्या दिवशी त्यांनी काढून दिलेलं. तेव्हापासून ह्यातच जेवते, वेगळं ठेवते." मी विचारलं, "नाव आहे का खाली?" मूळ ताटाखालचं कोरलेलं नाव आता घासून घासून इतकं पुसट झालंय की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. काकू म्हणाल्या, "बघितलं नाही. त्यांनी माझं ताट काढलं की त्या बाईला म्हणून कुठलंही काढलं... ते त्यांनाच ठाऊक. मला जेवायला बोलावलं, एवढं मात्र खरं." आणि ताक आणायला आत गेल्या.

ताट माझ्यासमोर होतं, रिकामं. खिडकीतून ऊन अगदी त्यावरच पडलं होतं. उचलून तिरकं केलं असतं की झालं. एकेकाळी याच घरात मी तेच केलं होतं, आणि उत्तरही मिळालं होतं. मी हात पुढे केला, ताट काकूंच्या जागेकडे थोडं सरकवलं, आणि वाट बघत बसलो.