चांदीला गाल आले होते

माझं डोकं अजून सुन्न आहे. आज सकाळी आमची लाडकी शेळी, चांदी, गेली.

महिन्यापूर्वी आमच्या पाचही शेळ्यांना एकाच दिवशी पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस टोचली होती. आता गल्लीत तो रोग आला, तर चौघी ठणठणीत आहेत. चांदीचंच नाक गळायला लागलं, हागवण लागली आणि चार दिवसांत ती आडवी झाली.

सकाळी हुलसूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मायला विचारलं, "अक्का, लसीच्या आधी जंताचं औषध पाजलं होतं का?"

"चौघींना पाजलं. हिला कामून पाजू? कडू असतंय ते. अन् हिला तर बघा, कसे गाल आलेत!"

डॉक्टरांनी चांदीच्या जबड्याखाली बोट दाबलं. तिथं खळगा पडला, तो भरेचना.

"गाल न्हाईत हे, अक्का. सूज हाय. जंत रक्त पितेत, मग असं पाणी उतरतंय. अंगातली ताकद जंतानंच खाल्ली, तर लस टोचून बी नीट लागत न्हाई."

मायनं चांदीचं डोकं उचलून घेतलं. चांदीनं तिच्या मांडीवरच मान टाकली.

गेल्या आठवड्यात मी इथंच ग्रुपवर चांदीचा फोटो टाकला होता, आठवतंय? "काय गुबगुबीत झालीय," म्हणून तुम्ही बदाम पाठवले होते.

तो फोटो मी आत्ता परत बघितला. सूज स्पष्ट दिसायलीय. तुम्ही बी बघा अन् सांगा, आपल्यापैकी एकाला बी ती कामून दिसली न्हाई?