रॅमची रिकामी जागा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. परवा लेकीच्या खोडरबराचा वास आला आणि खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवली. मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्ती करायचो. शेजारचा मित्र आपला जुना लॅपटॉप घेऊन आला होता. आयटी कंपनीच्या परीक्षेला आम्ही दोघंही बसलो होतो. यादीत नाव त्याच्या एकट्याचं लागलं, तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं. मुलाखतीत त्याला स्वतःचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता आणि लॅपटॉप सारखा अडकायचा. "रॅम वाढवायचीय. कुठली घेऊ ते सांगा साहेब," तो हसत म्हणाला. मी मागचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड साफ करायला खोडरबराने घासली. शेजारची जागा रिकामीच होती, आणखी एक पट्टी सहज बसली असती. "जुना आहे रे, याला जास्त रॅम चालत नाही," म्हणत मी स्क्रू आवळले. "तू म्हणतोस म्हणजे नाहीच चालणार," तो म्हणाला. मुलाखतीत प्रोग्रॅम अडकला. पुढच्या वर्षी मी आयटीत लागलो आणि तो, वडील होते त्याच कारखान्यात. अजूनही भेटला की म्हणतो, "तू तपासलंस म्हणून बरं, नाहीतर उगाच रॅम घेऊन बसलो असतो." खरं काय ते त्याला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.