पोटातला फर्मा

नभकेसरी आणि व्योमसिंह यांच्यात फरक काय, असं मावशींना विचारलं की त्या नाक मुरडून म्हणत, "एकाची चड्डी या दुकानातली, दुसऱ्याची शेजारच्या."

छापखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. या दोन्ही वीरांच्या चित्रकथा तिथेच छापल्या जात. एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या दोन कंपन्या, पण दोघींची पानं मावशींच्या टेबलावरूनच जायची. नभकेसरी उडतो, व्योमसिंहही उडतो. याला आईबाप नाहीत, त्यालाही नाहीत. दिवसा एक शाळामास्तर, दुसरा कारकून, आणि नुसती खोटी मिशी लावली की सख्खा शेजारीसुद्धा ओळखत नाही! "एकाच माळेचे मणी," मावशी म्हणत, "आणि वाचणारे त्याहून शहाणे."

त्यांचं काम मात्र चोख. मोठा छापील कागद घडी घालून सोळा पानांचा फर्मा व्हायचा. अंकात असे दोन फर्मे, एक बाहेरचा आणि एक त्याच्या पोटात, वर रंगीत कव्हर. आतली पानं सगळी काळ्या शाईतली. म्हणून घडीवर बारीक ठिपका असायचा, एका कंपनीचा गोल, दुसरीचा चौकोनी. मावशी अंगठ्याने घडी उघडून दोन्ही फर्म्यांचे ठिपके जुळवायच्या, मगच अंक पिना मारायला पुढे सरकायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीचं पान बाहेर गेलं नव्हतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि आपली खुर्ची शेजारच्या पिनावालीला मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. ठिपके बघायला तिला मावशींनीच शिकवलं होतं.

त्या मंगळवारी दोन्ही अंक एकदमच टेबलावर आले. पिनावालीने सहज विचारलं, "मावशी, यांत जास्त ताकद कोणाची हो?"

झालं! मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ताकद? अगं, दोघांनी मिळून एक बादली उचलली तरी खूप!" हात चालत होते, नजर पिनावालीच्या हसण्याकडे. ठिपके कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवायची नमुन्याची प्रत त्यांनी सवयीने उघडली. नभकेसरीच्या पोटात व्योमसिंह! एक अख्खी चळत तशीच गेली होती, चारशे अंक, आणि गाडी कालच सुटलेली.

संध्याकाळी घरी भाचा आला. बहिणीचा मुलगा, वय बेचाळीस, पोस्टात नोकरी, आणि नभकेसरीपायी जिवलग मित्राशी बोलणं टाकलेला. व्योमसिंहाचं नाव काढलं तरी हा चवताळायचा. "चोर आहे तो, मावशी! आपल्या नभकेसरीची सगळी उचलेगिरी!" ताजा अंक त्याने आधीच विकत घेतला होता. मावशींनी तो हळूच चाळला. त्याच चळतीतला.

"कसा वाटला रे?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"झकास! मधली ती पुलावरची मारामारी बघितलीस? त्या व्योमसिंहाला सात जन्मांत जमणार नाही!"

पुलावर मारामारी करत होता तो व्योमसिंहच. मावशींनी कपाळावर हात मारला. एरवी या मूर्खपणाला त्या आठवडाभर हसल्या असत्या. आज त्यांना हसू येईना. त्यांना नुसता संताप आला.

चार दिवस गेले. ना पत्र, ना फोन, ना कुठल्या कंपनीची बोंब. पाचव्या दिवशी मावशींना राहवेना. अंक घेऊन त्या मालकाच्या खोलीत गेल्या.

"साहेब, माझ्या हातून चूक झालीय."

मालकाने पानं उलटली. "कुठे?"

"अहो, इथून! नवव्या पानापासून हा दुसराच माणूस आहे!"

"सारखाच तर दिसतो."

"सारखा?" मावशींचा आवाज चढला. "नीट बघा तरी! नभकेसरी डाव्या मुठीने मारतो, हा उजव्या. तो पडलेल्याला हात लावत नाही, हा लाथ घालतो. त्याची आई मेली. याला याच्या आईने टाकलंय, म्हणून बाईमाणसाला वाचवताना हा मान वर करत नाही. एकतीस वर्षं बघतेय मी यांना!"

मालक खुर्चीत मागे रेलून हसला. "मावशी, एकाच माळेचे मणी म्हणून अख्ख्या छापखान्याला सांगतं कोण? तुम्हीच ना? मला तर पटलं बुवा."

मावशींनी समोरचा अंक मिटला.

"मी रागावलो नाहीये," तो म्हणाला. "चारशे अंक गेले, एकानेही तक्रार केली नाही. उलट सांगितलंत ते बरं झालं. तुमच्या जागी पिनावालीला बसवणार होतो. पण कुणाला कळतच नाही, तर ठिपके बघायला माणूस ठेवायचाच कशाला?"

मावशींनी खूप विनवलं. तो हसतच राहिला.

बाहेर पिनावाली एका पायावर भार देऊन उभी होती. "रागावले का हो साहेब?"

"नाही गं." मावशी आपल्या खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. "बस. महिना संपेपर्यंत तरी बस. तुझी खुर्ची मी बडबडून घालवली, बाई."